उतरवलेली शाल

मृणालिनीताईंना त्याग हवा होता, आणि तोही पाच मिनिटांत बसणारा.

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीच्या महिला मंडळाला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. इतक्या वर्षांत मंडळानं काय केलं, तर हळदीकुंकू, भोंडला, उपवासाच्या पदार्थांच्या स्पर्धा आणि एकमेकींच्या साड्यांचं कौतुक. आता रौप्यमहोत्सव म्हटल्यावर काहीतरी सामाजिक करायला हवं, अशी हुक्की अध्यक्ष मृणालिनीताईंना आली. 'कष्टकरी माता सन्मान' असं भारदस्त नाव ठरलं. मग कष्टकरी माता शोधायची वेळ आली, तर त्यासाठी लांब जावंच लागलं नाही. ती रोज सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

सुगंधा घाडी. कुडाळजवळच्या एका गावातून लग्न होऊन भांडुपला आली, नवरा सोडून गेला, एकटीनं मुलगी वाढवली. ती मुलगी, प्रांजल, आता घाटकोपरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. घाड्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस. म्हणजे सगळा मालमसाला तयार, फक्त फोडणी द्यायची बाकी. फोडणी म्हणजे लेकीनं आईच्या त्यागावर करायचं पाच मिनिटांचं भाषण, आणि त्यासाठी प्रांजलला एका रविवारी मृणालिनीताईंच्या घरी बोलावण्यात आलं.

प्रांजल गेली ती आईनं पिटाळलं म्हणून. या घराची तिला लहानपणापासून चीड होती. आई तिथं पोळ्या करते याची नव्हे. आईच्या पोळ्या मऊ झाल्या की पाहुण्यांसमोर त्या मृणालिनीताईंच्या पोळ्या होत, आणि एखादी करपली तर तेवढी सुगंधाची असे, याची.

सोफ्यावर मृणालिनीताई आणि मंडळाच्या खजिनदार रत्नप्रभाकाकू बसल्या होत्या. मृणालिनीताई फार साध्या. म्हणजे साधेपणावर त्यांनी बराच खर्च केला होता. मळकट पांढऱ्या रंगाची हातमागाची साडी, कपाळ मोकळं, पिकलेले केस तसेच ठेवलेले आणि हातात एकुलतं एक चांदीचं कडं. "मला दिखावा अजिबात आवडत नाही," हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि समोरच्यानं ते नीट ऐकलं की नाही तेही बघत.

"अगदी मोकळेपणानं बोल हं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी आई कितीदा उपाशी झोपली असेल, नाही?"

"आई?" प्रांजलला प्रश्नच कळेना. "नाही. आई पहिली जेवते."

"पहिली?"

"दिवसभर उभी असते ना ती. घरी येते तेव्हा कडकडून भूक लागलेली असते. मी भात लावून ठेवते. आधी ती जेवते, मग मी."

रत्नप्रभाकाकूंनी मृणालिनीताईंकडे बघितलं. ही कसली आई, असा तो बघण्याचा अर्थ होता.

"बरं, अभ्यासाचं सांग. घरात दिवे नसतील. रस्त्यावरच्या दिव्याखाली वगैरे..."

"ट्यूब आहे घरात."

"आणि साड्या? ठिगळं लावलेली एखादी साडी आठवते का गं आईची?"

"ठिगळ आईला खपत नाही."

दोघींचे चेहरे पडले. ऑर्डर एक दिली आणि आलं भलतंच, तसं झालं त्यांचं. एवढ्या वर्षांची गरीब बाई, आणि तिच्याकडे सांगण्यासारखी धड एक उपासमार असू नये!

मग रत्नप्रभाकाकूंनी आवाज खाली आणला. घरात चौथं कुणी नव्हतं, तरी आणला. "आणि तुझे बाबा... वारले ना?"

"नाही. नालासोपाऱ्याला असतात."

"अगं बाई! म्हणजे आहेत?"

"आहेत. दुसऱ्या बाईबरोबर आहेत."

हे मात्र फारच गैरसोयीचं निघालं. रत्नप्रभाकाकूंच्या डोक्यात लगेच ओटीचा घोळ सुरू झाला. नवरा मेला असता तर ओटी भरायची नाही हे ठरलेलं. नवरा नांदवत असता तर भरायची हेही ठरलेलं. पण नवरा आहे आणि नाही, अशा बाईचं काय करायचं, हे त्यांच्या कुठल्याच व्रतवैकल्यात सांगितलेलं नव्हतं. मृणालिनीताई पुरोगामी होत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि पुरोगामी तोडगा काढला. ओटी नकोच, नुसती शाल आणि श्रीफळ देऊ. आणि भाषणात वडिलांचं नाव काढूच नकोस, लोक काय समजायचं ते समजतील.

"आणि हे बघ," जाताना त्या म्हणाल्या, "आईला सांग, साधीशी कॉटन साडी नेसायची. ते एवढं मोठं कुंकू लावते ना ती, ते जरा बारीक. गजरा-बिजरा नको. म्हणजे कार्यक्रमाला शोभेल असं. भाषणाचं टेन्शन तू घेऊ नकोस, मी लिहून पाठवते."

संध्याकाळी भाषण व्हॉट्सॲपवर आलं. 'माझी आई कित्येक रात्री उपाशी झोपली, पण तिने मला उपाशी झोपू दिले नाही,' इथून त्याची सुरुवात होती. पुढं रस्त्यावरचा दिवा होता आणि ठिगळही होतं. प्रांजलनं सांगितलेल्या एकाही गोष्टीला त्यात जागा मिळाली नव्हती.

"आपण नाही जायचं," तिनं फोन कॉटवर आपटला. "भिकारी दाखवायचंय त्यांना तुला. आणि मी माइकवरून भीक मागायची. गेल्या खड्ड्यात!"

सुगंधा जेवत होती. बांगड्याच्या तिखल्यात भात कालवून ती निवांत एकेक घास घेत होती. जेवताना कुणी ओरडलेलं तिला आवडत नसे.

"माई येतली मा?" तिनं विचारलं.

माई म्हणजे टीव्हीवरच्या एका मालिकेतली आई. गेली दहा-बारा वर्षं ती रोज संध्याकाळी कुणा ना कुणासाठी रडत होती आणि सुगंधा तिच्यासोबत रडत होती. त्या नटीचं खरं नाव सोसायटीतही कुणाला आठवत नव्हतं. मंडळानं फलकावर छापलं होतं ते 'आपल्या सर्वांच्या लाडक्या माई' असंच.

"येणार आहे. तीच शाल घालणार आहे."

"मगे जावंकच होया." सुगंधानं काटा बाजूला ठेवला. "शाल घालतत म्हणजे काय खेळ वाटलो तुका? आमच्या गावात गुरुजींका शाल घातल्यानी होती. तेच्यानंतर ते रस्त्यान जावंक लागले की लोक उठान उभे रवत. माका बघून अजून कोणी उठलेला नाय गो."

आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं प्रांजलला आठवत नव्हतं. म्हणजे मासे मागे, झोप मागे, मालिकेच्या वेळी शांतता मागे. पण लोकांकडून काही हवं, असं ती कधी म्हणाली नव्हती. उलट लोक देत तेच ती घेत नसे.

हा सुगंधाचा एकच नेम होता, आणि तो तिनं नवरा गेल्यापासून पाळला होता. कुणाच्याही अंगावरून उतरलेलं घ्यायचं नाही. दिवाळी आली की मुलुंडच्या बायका कपाटं उपसत, विटलेले ड्रेस, सैल झालेले स्वेटर, मुलांना आखूड झालेल्या पँटी पिशवीत कोंबून "घे गं, अजून चांगलं आहे," म्हणत. सुगंधा "नको" म्हणे. चांगलं आहे तर तुम्हीच घाला, असंही एकदा म्हणाली, आणि ते घर सुटलं. तोरा फार, अशी तिची ख्याती झाली. पोळ्या मऊ होत म्हणून बाकीच्यांनी तोरा चालवून घेतला.

प्रांजल पाचवीत असताना मृणालिनीताईंच्या मुलीनं, अस्मितानं, तिला आपले पांढरे बूट दिले होते. एकदाच घातलेले, नवे कोरे म्हणावेत असे. प्रांजल ते घालून घरभर नाचली. आईनं ते तिच्या पायांतून काढले, पुसले, पिशवीत घातले आणि तिला हाताला धरून भांडुपहून मुलुंडला परत द्यायला नेलं. प्रांजल अख्खा रस्ता रडली. मग बरेच महिने आई संध्याकाळची आणखी एका घरी भाकऱ्या भाजायला जात होती. माई रडायची त्या वेळेला. नवे बूट आले तेव्हा मालिका कुठच्या कुठं गेली होती, कोण कुणाची सून हेही तिला कळेना. कॉलेजात प्रांजल दोनच ड्रेस आलटूनपालटून घालून गेली, पण दोन्ही तिचे होते. वर्गातली कुठलीही पोरगी, "अय्या, हा तर माझा जुना," असं तिला कधी म्हणू शकली नाही. जुनं देऊन मोठं होणाऱ्यांना तुच्छ लेखायला प्रांजल कुठं शिकली, तर तिथंच. आईच्या हाताला धरून, मुलुंडच्या रस्त्यावर.

हा त्याग मृणालिनीताईंना कळण्यातला नव्हता, कारण त्यात त्यांचीच पिशवी परत आली होती.

"बरं, जाऊ," प्रांजल म्हणाली. "म्हणेन मी ते भाषण. पण त्यांनी सांगितलंय, साधी साडी नेस. कुंकू बारीक लाव. गजरा नको."

सुगंधा हसली. "कित्या? मी काय मयताक जातंय?"

रौप्यमहोत्सवाच्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सुगंधा शिरली ती पुढच्या दारानं. या हॉलमध्ये ती आधीही कितीदा आली होती, पण मागच्या दारानं, पुऱ्या लाटायला. आज तिनं वांगी रंगाची, जरीच्या काठाची साडी नेसली होती. स्वतःच्या पैशांनी घेतलेली, घडी आजच मोडलेली. अंबाड्यावर अबोलीचा भरगच्च गजरा, नाकात मोत्यांची नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींनी तिला वाकून नमस्कार केला. रत्नप्रभाकाकूंचे डोळे पांढरे झाले.

"अगं, हिला सांगितलं होतंस ना?" त्यांनी प्रांजलला कोपऱ्यात गाठलं.

"सांगितलं होतं."

"मग?"

"ती म्हणाली, शुभ कार्य आहे."

काकूंनी सुगंधाला स्टेजवर नेऊन बसवलं. शेजारच्या खुर्चीत मृणालिनीताई होत्या. आज तर त्यांनी साधेपणाची कमाल केली होती. राखाडी साडी, तिला ना काठ ना पदर, आणि अंगावर मण्याचाही दागिना नाही. कपाळ नेहमीप्रमाणे मोकळं. टेबलावर तबकात डाळिंबी रंगाची शाल घडी करून ठेवलेली होती, तिच्यावर नारळ. सुगंधा बसल्या बसल्या त्या शालीकडे बघत होती. मध्येच तिनं पहिल्या रांगेतल्या प्रांजलकडे बघून भुवया उडवल्या. झकास आहे ना, असं विचारत होती ती.

माई उशिरा आल्या. मढला शूटिंग होतं, तिथून तोंडावरचा रंगही न पुसता थेट आल्या होत्या आणि इथून त्यांना अंधेरीला कुठंतरी रिबन कापायला जायचं होतं. जिन्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, लोकांकडे पोळ्या करणारी बाई आहे, नवरा नाही, एकटीनं मुलीला शिकवलंय. माईंना तेवढं पुरलं. यापेक्षा कमी माहितीवर त्यांनी वर्षानुवर्षं अश्रू ढाळले होते.

त्या स्टेजवर चढल्या, दोन्ही खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि डोळे भरून आणून सरळ मृणालिनीताईंच्या गळ्यात पडल्या.

"माउली!" माइक त्यांच्या हातात होताच. "काही सांगू नका. तुमचा चेहराच सगळं सांगतोय. हे रिकामं कपाळ, ही विटकी साडी, हे अकाली पिकलेले केस! बघा हो, हे हात बघा. लोकांच्या पोळ्या लाटून लाटून काय झालेत हे हात!"

मृणालिनीताईंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. माईंनी तो आणखी घट्ट धरला. "लाजू नका. गरिबीची लाज नसावी," असं म्हणत त्यांनी तबकातली शाल उचलली, झटकन उलगडली आणि मृणालिनीताईंच्या खांद्यांवर पांघरली. मग त्या वांगी साडीतल्या रुबाबदार बाईंकडे वळल्या, आणि अशा माउलीचा सन्मान केल्याबद्दल अध्यक्षबाईंचे त्यांनी हात जोडून आभार मानले.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आधी सवयीनं पडल्या, मग एकेक हात मध्येच थबकला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मृणालिनीताईंचा चेहरा बघून प्रांजललाही हसू फुटायला लागलं होतं. आयुष्यभर जपलेल्या साधेपणाला कुणीतरी खरोखरच फसलं होतं! जन्मभर पुरेल अशी करमणूक होती ती. पण तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं, आणि हसू थांबलं.

सुगंधा हसतमुखानं बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. माई काय बोलल्या याकडे तिचं ध्यान नव्हतं, डोळे शालीवरच होते; तिला वाटत होतं, आधी अध्यक्षांचा मान असेल. ती आपल्या पाळीची वाट बघत होती, आणि तबकात दुसरी शाल नव्हती.

रत्नप्रभाकाकू धावत स्टेजवर गेल्या आणि माईंच्या कानाला लागल्या. माईंनी दचकून सुगंधाकडे बघितलं. खालून वरपर्यंत बघितलं.

"अय्या, या?" माइक चालूच होता. "वाटत नाहीत हो!"

सुगंधाला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिचा चेहरा खुलला. माईंनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं होतं की ती लोकांकडे राबणारी वाटत नाही. तिनं हळूच गजरा चाचपला.

मग मृणालिनीताई उठल्या. अशा प्रसंगी काय करावं हे त्यांना चांगलं कळत असे. त्यांनी खांद्यांवरची शाल काढली, चारचौघांत शोभेल अशी नीट घडी केली, चेहऱ्यावर मोठ्या मनाचं हसू आणलं आणि शाल सुगंधापुढं धरली. "घ्या सुगंधाताई. ही तुमचीच."

सुगंधा उठून उभी राहिली. हात पुढं आला आणि मध्येच थांबला.

तिची नजर शालीवरून हलेना. घे, आई, प्रांजल मनातल्या मनात म्हणत होती. दोन मिनिटं तर होती त्या बाईच्या अंगावर. कोण लक्षात ठेवणार आहे? तुझी आहे ती. आज घे. नेमाला मार गोळी आज. पाचवीतले ते बूट तिला आठवले, एकदाच घातलेले, आणि आई काय करणार ते तिला कळून चुकलं.

"नको वैनी," सुगंधा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, दिवाळीत पिशवी परत करतानाचा. "अंगावरनं उतरवलेला मी कोणाचा घेत नाय. तुमका ठावक आसा."

"अहो, पण..."

"रवांदे. तुमका बरी दिसता."

माईंनी पुन्हा शाल उलगडून बघितली, "मी घालते ना, माझ्या हातानं," असं म्हणून बघितलं. सुगंधानं त्यांना नमस्कार केला, तबकातला नारळ उचलला, कपाळाला लावला आणि खुर्चीत जाऊन बसली. शाल पुन्हा मृणालिनीताईंच्या हातात आली. ती ठेवावी कुठं हे त्यांना कळेना.

गोंधळ झाकायला रत्नप्रभाकाकूंनी माइक घेतला. "आता सुगंधाताईंची कन्या प्रांजल आपल्या आईच्या त्यागाविषयी दोन शब्द बोलेल."

प्रांजल वर गेली. भाषण तोंडपाठ होतं. समोर सगळ्या जणी डोळ्यांना रुमाल लावायच्या तयारीत बसल्या होत्या. काहींनी मोबाइल वर धरले होते.

"माझ्या आईचा त्याग तुम्ही आत्ताच बघितलात," ती म्हणाली. "शाल हवी होती तिला. खूप हवी होती. आणखी काय सांगू?"

ती खाली उतरली. रुमाल तसेच कोरडे राहिले. त्यानंतर कुणीतरी आभार मानले, मग इडली-चटणी झाली. सुगंधाच्या हातात प्लेट देताना एकही बाई तिच्या डोळ्यांत बघत नव्हती. तिनं प्लेट घेतली आणि तशीच टेबलावर ठेवून दिली.

दोघी रिक्षात बसल्या. नारळ आईच्या मांडीवर होता.

"मऊ होती काय गो?" तिनं एकदम विचारलं.

"आपण घेऊ तशी. मी घेते तुला. तशीच, डाळिंबी."

"तू दिलंस तर ता पांघरूण. शाल लोकांनी घालूची असता."

प्रांजलनं मान फिरवली आणि बाहेर बघत राहिली. मृणालिनीताईंना द्यायच्या शिव्या तिच्याकडे भरपूर होत्या, पण त्यातली एकही आता पुरी पडत नव्हती.

घरी आल्यावर सुगंधानं साडी सोडून घडी घातली, गजरा देवासमोर ठेवला, नारळ ओट्यावर ठेवला. प्रांजलनं भात लावला. सकाळचं तिखलं गरम केलं, आईचं ताट वाढलं आणि नेहमीच्या जागेवर, पंख्याखाली, तिच्यापुढं ठेवलं.

सुगंधानं ताटाकडे बघितलं आणि ते लेकीकडे सरकवलं.

"तू जेव. माका भूक नाय."

दिवा घालवून ती भिंतीकडे तोंड करून पडली. मृणालिनीताईंनी पाठवलेल्या त्या भाषणातलं पहिलं वाक्य तेवढं खोटं राहिलं नाही. त्यांना हवी होती ती उपाशी आई शेवटी त्यांनी मिळवलीच.